सायबर धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणं हे माझं रोजचं काम. खालचे प्रश्न मला कधी जिन्यात, कधी लग्नाच्या मांडवात, कधी रात्री साडेअकराला फोनवर विचारले जातात. निम्मे प्रश्न पैसे गेल्यावर येतात. उत्तरं जमेल तितकी सरळ ठेवली आहेत. काहींना एक परिच्छेद पुरतो, काहींना पुरत नाही.

माझ्यासारख्या साध्या माणसाला कोण कशाला हॅक करेल?

तुम्हाला निवडून कोणी करत नाही, हीच तर गोम आहे. जाळं टाकणारा कोळी एखाद्या ठरावीक माशावर डोळा ठेवून बसत नाही, येईल ते वर ओढतो. एकच मेल लाखो पत्त्यांवर जातो आणि त्यातले दोन-चारशे जण अडकले तरी टाकणाऱ्याचा दिवस सार्थकी लागतो.

'माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?' असं विचारणाऱ्याला मी उलट एकच विचारतो: तुमच्या ईमेलचा पासवर्ड कोणाला मिळाला तर? बँक, खरेदी, फोटो, ऑफिस, सगळीकडे 'पासवर्ड विसरलात?' हे बटण असतं आणि त्याची लिंक ईमेलवरच येते. म्हणजे ईमेल ही घराची किल्ली नव्हे, किल्ल्यांचा अख्खा जुडगा. शिवाय तुमचं नाव वापरून तुमच्या मित्रांकडे पैसे मागता येतात. ओळखीच्या नावाने आलेली मागणी लोक पटकन पुरी करतात, आणि नेमक्या त्या ओळखीलाच बाजारात भाव आहे.

माझा पासवर्ड इतका अवघड आहे, तो ओळखणार कसा?

ओळखायची वेळच येत नाही. तुम्ही तो पासवर्ड पाच ठिकाणी वापरलेला असतो आणि त्या पाचातलं एक ठिकाण फुटतं. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले, तेही जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवलेले. त्यात सर्वांत लोकप्रिय कोणता होता? १२३४५६. याहूवर २०१३ मध्ये झालेल्या चोरीत तर शेवटी सगळीच्या सगळी, म्हणजे ३०० कोटी खाती सापडल्याचं कंपनीने २०१७ मध्ये मान्य केलं.

अशा याद्यांतली ईमेल-पासवर्डची जोडी उचलायची आणि एका प्रोग्रॅमकरवी इतर शेकडो साइटवर लावून बघायची, एवढाच खेळ. दार उघडलं की आत. त्यामुळे पासवर्ड अवघड असण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळा असणं जास्त मोलाचं. शंभर वेगळे पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे ते सांभाळून ठेवणारं अ‍ॅप, वापरा. तो झेपत नसेल तर वहीत लिहा. वहीचं नाव काढलं की आमच्या व्यवसायातले काही लोक नाक मुरडतात, पण दुसऱ्या खंडात बसलेल्या चोराचा हात तुमच्या कपाटातल्या वहीपर्यंत पोचत नाही. ऑफिसच्या मॉनिटरवर चिकटवलेली चिठ्ठी मात्र वेगळी, ती काढा.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायलाच हवा ना?

नको. हा नियम ज्या अमेरिकी मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरला, ती २००३ साली लिहिणारे बिल बर यांनीच पुढे २०१७ मध्ये त्याबद्दल खंत व्यक्त केली. सक्ती केली की लोक शेवटचा १ काढून २ लावतात. पासवर्ड फुटल्याची शंका आली की मात्र त्याच दिवशी बदला.

फिशिंगचा मेसेज ओळखायचा कसा?

फिशिंग म्हणजे खोट्या मेसेजने गळ टाकून माहिती किंवा पैसे काढून घेणं. पूर्वी ते ओळखणं सोपं होतं. भाषा विनोदी असायची, लोगो वाकडा असायचा. आता एआयने भाषा सुधारून दिली आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका शोधत बसू नका.

माझाच एक किस्सा सांगतो. मी एका पार्सलची वाट बघत होतो. मेसेज आला: 'पत्ता अपूर्ण असल्याने आपलं पार्सल परत पाठवण्यात येत आहे. १२ तासांत दुरुस्ती करा.' मी चालता चालता लिंक दाबली. पान अगदी झकास: लोगो, पार्सलचा नंबर, 'सध्या गोदामात आहे' अशी हिरवी पट्टी. खाली पुन्हा पाठवण्याचं किरकोळ शुल्क आणि कार्डाची चौकट. कार्डाचे पहिले चार आकडे टाकले आणि हात थांबला. मी आलो होतो पत्ता दुरुस्त करायला, आणि त्या पानाने मला पत्ता अजून विचारलाच नव्हता! हेच काम करून पोट भरणारा माणूस मी. पार्सल खरंच येणार होतं, एवढा योगायोग त्यांना पुरला. खरं तर तो योगायोगही नव्हे. लाखो लोकांना मेसेज पाठवला की त्यातल्या हजारोंचं पार्सल वाटेत असतंच.

म्हणून मेसेज वाचताना तीन गोष्टी बघा: घाई लावतोय का, लिंक दाबायला किंवा फाइल उघडायला सांगतोय का, आणि शेवटी पैसे, पासवर्ड किंवा ओटीपीपाशी नेतोय का. तिन्ही एकत्र आल्या की फोन खिशात ठेवा. नंतर स्वतः त्या कंपनीचं अ‍ॅप उघडून बघा. खरी अडचण असेल तर ती तिथेही दिसेल.

लिंकचा पत्ताही वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपाशी थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. 'तुमचीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट टॉप' असा पत्ता असेल तर मालक 'खातेतपासणी डॉट टॉप' आहे. पुढे लावलेलं बँकेचं नाव म्हणजे निव्वळ पाटी, आणि पाटी कोणीही रंगवू शकतो. इंग्रजी आर आणि एन ही अक्षरं शेजारी बसली की लहान पडद्यावर एम दिसतात, हाही जुनाच डाव. आणि पत्त्याशेजारच्या कुलपावर भिस्त ठेवू नका. तुमचा आणि त्या साइटचा संवाद मधे कोणी वाचू शकत नाही, इतकंच ते कुलूप सांगतं. पलीकडे साव आहे की चोर, हे त्याला ठाऊक नसतं.

ओटीपी लागतोच की. मग भीती कसली?

ओटीपीने फरक पडतो, तो चालू ठेवाच. पण तो अभेद्य नाही. खोट्या पानावर तुम्ही पासवर्ड टाकला की ते पान त्याच क्षणी तो खऱ्या साइटवर टाकतं. खरी साइट तुम्हाला खराखुरा ओटीपी पाठवते आणि तुम्ही तो खोट्या पानावर देता. खेळ तीस सेकंदांत संपतो.

दुसरी वाट सिमकार्डाची. भामटा तुमच्या नावाने मोबाइल कंपनीकडून दुसरं सिम काढतो, तुमच्या फोनची रेंज जाते आणि मेसेज त्याच्याकडे जायला लागतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचं स्वतःचं ट्विटर खातं याच पद्धतीने गेलं होतं. रेंज अचानक गेली आणि तासाभरात आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा.

तिसरी वाट म्हणजे माणसाला कंटाळा आणणे. फोनवर 'लॉगिन तुम्हीच करताय का? हो/नाही' अशी सूचना येते. पासवर्ड हाती लागलेला माणूस ती एकामागून एक पाठवत राहतो. २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला असंच भंडावून सोडलं गेलं, त्याने अखेर 'हो' दाबलं आणि हल्लेखोर कंपनीच्या आत शिरला.

पासवर्डाऐवजी चालणारी पासकी ही सोय जिथे मिळेल तिथे घ्या. ती तुमच्या फोनला आणि त्या नेमक्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते. खोट्या पानावर तुम्ही कितीही आग्रह केलात तरी ती चालत नाही. माणूस फसतो तिथे यंत्र फसत नाही, असा हा दुर्मीळ प्रकार.

फोनवरचा माणूस स्वतःला पोलीस किंवा बँकेचा अधिकारी म्हणवतो. खरा कशावरून?

फोन ठेवा आणि तुम्हाला आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर स्वतः लावा. याला पर्याय नाही. पडद्यावर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. तुमचं नाव, जन्मतारीख, कार्डाचे शेवटचे चार आकडे त्याला माहीत असणं हा पुरावा नव्हे, ते सगळं फुटलेल्या याद्यांत मिळतं.

तो तुम्हाला फोनवर धरून ठेवायला बघेल. 'कोणाला सांगू नका, तपास गुप्त आहे' म्हणेल. एखादं अ‍ॅप टाकायला लावून तुमचा पडदा स्वतःच्या ताब्यात घेईल. घरच्यांपासून लपवा असं सांगणारा फोन खऱ्या अधिकाऱ्याचा नसतो, इतकं पक्कं धरून चाला.

आवाज तर मुलाचाच होता! चेहराही दिसत होता!

दिसला असेल. काही सेकंदांच्या ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल करता येते. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराचा मेल आला. त्याला तो संशयास्पद वाटलाही. मग व्हिडिओ कॉल झाला. त्यात मुख्य वित्त अधिकारी आणि ओळखीचे इतर सहकारी दिसले, बोलले, आणि शंका फिटली. त्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. कॉलवर त्याच्याखेरीज खरा माणूस एकही नव्हता.

घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, सोशल मीडियावर कुठेही न लिहिलेला. अडचणीत आहे म्हणणाऱ्याला तो विचारा. मुलं हसतील, हसू द्या.

महिनोन्‌महिने गोड बोलून फसवतात ते कोण?

सगळेच चोर घाईत नसतात. काही जण चुकून आलेल्या 'हाय'पासून सुरुवात करतात, रोज विचारपूस करतात, दोन महिन्यांनी सहज गुंतवणुकीचा विषय काढतात. अ‍ॅपवर तुमचे पैसे वाढताना दिसतात आणि पहिल्यांदा थोडे काढूही देतात. तिथेच माणसाचा विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलात की 'आधी कर भरा' अशी मागणी येते.

याची दुसरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते. असे मेसेज लिहिणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतःच अडकलेले असतात. नोकरीच्या आमिषाने नेलेले, पासपोर्ट काढून घेतलेले, मार खाऊन काम करणारे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार लोक असे डांबलेले असावेत. गोड बोलणाऱ्याचा राग येतोच, पण पलीकडे कधी कधी दुसरं सावज बसलेलं असतं.

अँटीव्हायरस आहे. तो पुरेसा नाही?

तो कामाचा आहे, आणि नव्या विंडोजमध्ये येतो तो बहुतेकांना पुरतो. पण तुम्ही आपल्या हाताने पैसे पाठवलेत तर अँटीव्हायरस काय करणार? त्यापेक्षा अपडेट वेळेवर करा. फुकटात मिळणारी पायरेटेड सॉफ्टवेअर टाकू नका, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एका दमात उपसून नेणारे मालवेअर बहुतेक वेळा त्यांच्याच पाठीवर बसून येतात.

सार्वजनिक वायफाय आणि चार्जिंगची जागा?

भीती जरा जास्तच पसरली आहे. आता बहुतेक साइट आणि अ‍ॅप तुमची माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात. संकेतस्थळाबद्दल ब्राउझरने इशारा दिला तर मात्र पुढे जाऊ नका. या दोन गोष्टींवर खर्च होणारी काळजी तुमच्या ईमेलच्या पासवर्डाकडे वळवा.

रॅन्समवेअर म्हणजे नेमकं काय होतं?

सकाळी ऑफिसात येता, फाइल उघडत नाही. नावापुढे विचित्र शेपूट लागलेलं. दुसरी फाइल, तीच गत. मग पडद्यावर चिठ्ठी: तुमच्या फाइल आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, इतके पैसे इतक्या दिवसांत द्या. सरळसरळ खंडणी.

कल्पना जुनी आहे. १९८९ मध्ये एड्सविषयक माहितीच्या नावाखाली सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने पाठवल्या गेल्या. त्यांनी कॉम्प्युटर अडवून पनामातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवायला सांगितले होते. टपालपेटीतून खंडणी गोळा करणं कटकटीचं, आणि क्रिप्टोचलनाने ती कटकट संपवली.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर आपोआप जाणारा रॅन्समवेअरचा किडा पसरला आणि १५० देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर अडकले. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ज्या फटीतून तो आत शिरत होता, ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने हाती असून लोकांनी लावला नव्हता. 'अपडेट नंतर करा' हे बटण आपण किती सहज दाबतो! शेवटी मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाला त्या किड्यात एक विचित्र, कोणीच न नोंदवलेला वेब पत्ता दिसला. त्याने दहा-अकरा डॉलर भरून तो स्वतःच्या नावावर नोंदवला आणि पसरणं थांबलं. त्या पत्त्यावरून उत्तर मिळालं की गप्प बसायचं, असं त्या किड्यातच लिहिलेलं होतं.

आता पद्धत बदलली आहे. आधी महत्त्वाच्या फाइल बाहेर नेतात, मग कुलूप लावतात. बॅकअपमधून तुम्ही फाइल परत मिळवल्यात तरी 'तुमच्या ग्राहकांची माहिती चव्हाट्यावर मांडू' ही धमकी उरतेच.

मग पैसे भरून मोकळं व्हावं का?

माझं मत, भरू नये. पण ज्याचा दवाखाना किंवा कारखाना बंद पडलाय त्याला बाहेरून उपदेश करणं सोपं असतं, हेही कबूल करतो.

व्यवहार म्हणूनही सौदा वाईट आहे. मे २०२१ मध्ये कोलोनियल या अमेरिकेतल्या इंधनवाहिनीच्या कंपनीने ७५ बिटकॉइन, तेव्हाचे सुमारे ४४ लाख डॉलर भरले. मिळालेलं उघडायचं साधन इतकं संथ निघालं की कंपनीला आपल्या बॅकअपवरच काम चालवावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या कंपनीवर हल्ला झाला आणि २ कोटी २० लाख डॉलर दिले गेले. पुढे दुसरीच टोळी तोच डेटा दाखवत पुन्हा पैसे मागायला उभी राहिली. चोराकडून पावती घेता येत नाही.

दोन्ही ठिकाणी शिरकाव कसा झाला होता माहीत आहे? कोलोनियलमध्ये वापरात नसलेल्या एका जुन्या खात्याच्या फुटलेल्या पासवर्डातून, चेंज हेल्थकेअरमध्ये चोरलेल्या पासवर्डातून. आणि दोन्हीकडे त्या दारावर ओटीपीसारखी दुसरी पायरी नव्हती.

पैसे देण्याआधी नो मोअर रॅन्सम ही साइट जरूर बघा. युरोपोल, डच पोलीस आणि काही सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली. काही प्रकारच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

आमचा धंदा लहान. आम्हाला सर्वांत मोठा धोका कशाचा?

खोट्या बिलाचा. यात ना व्हायरस असतो ना तांत्रिक करामत. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो: 'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढची रक्कम नव्या खात्यात भरा.' कधी मेलचा पत्ता एका अक्षराने वेगळा असतो. कधी पुरवठादाराचा मेलबॉक्सच चोराच्या हातात असतो, त्यामुळे मेल खऱ्या पत्त्यावरून, जुन्या संभाषणाच्या धाग्यातच येतो. असा एक मेल मी एका हिशेबनीस बाईंच्या खांद्यावरून पाहिला आहे. बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खालची सही बरोबर, चुकीचा फक्त खाते क्रमांक. त्यांनी 'नेहमीचे साहेब पत्राच्या शेवटी आभार लिहीत नाहीत' एवढ्यावरून पुरवठादाराला फोन लावला आणि पैसे वाचले.

मोठेही यातून सुटलेले नाहीत. लिथुआनियातल्या एका माणसाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाने बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. पुढे त्याला शिक्षा झाली.

उपाय कंटाळवाणा आहे. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या, आपल्याकडे आधीच लिहिलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर मुळीच नाही. मोठ्या रकमेला दोघांची मंजुरी लावायची. आणि साहेबांनी स्वतः जाहीर करायचं की माझ्या नावाने घाईचा मेल आला तर मला उठवून विचारा, मी रागावणार नाही. शेवटचं सर्वांत अवघड, कारण साहेब रागावतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि चोरालाही.

सुट्टीच्या आदल्या दिवशी डोळ्यांत तेल घाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेव्हा चोरांनी आठवड्याच्या सुट्ट्यांची साखळी बरोबर साधली होती: ढाक्यात शुक्रवार-शनिवार, बँकेचे पैसे ठेवलेल्या न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि ते जिथे वळवले त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्ष. व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर गप्प होता, तो बिघडला असेल असंच आधी वाटलं. आणखी २ कोटी डॉलर जाता जाता वाचले ते पैसे घेणाऱ्या संस्थेच्या नावात स्पेलिंगची चूक निघाली म्हणून.

आम्ही सगळं नीट केलं आहे. तरी धोका उरतो का?

उरतो, दुसऱ्याच्या दारातून. टार्गेट या दुकानांच्या साखळीतून २०१३ मध्ये ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, ती वातानुकूलन सांभाळणाऱ्या कंत्राटदाराच्या चोरलेल्या लॉगिनमधून. २०२० मध्ये नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सोलरविंड्स या कंपनीच्या अधिकृत अपडेटमध्येच चोरदार घुसवलं गेलं होतं आणि सुमारे १८ हजार ग्राहकांनी ते अपडेट म्हणून उतरवून घेतलं. इथे मी वर केलेला 'अपडेट करा' हा उपदेश उलटतो, याची मला कल्पना आहे. तरीही अपडेट कराच. न केल्याने बुडालेले लोक कितीतरी जास्त आहेत.

२९ मार्च २०२४ ची गोष्ट तर थरारक. बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्स प्रणालीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या फुकट साधनात कोणीतरी दोन-अडीच वर्षं मदतनीस म्हणून विश्वास कमावून चोरदार बसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या मशीनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. त्याने ते सोडून दिलं नाही. जगभरच्या सर्व्हरवर पोचण्याआधी ते पकडलं गेलं, केवळ एका माणसाला अर्धा सेकंद खुपला म्हणून.

लहान धंद्याने याबाबतीत एवढं करावं: बाहेरच्या प्रत्येकाला कामापुरताच प्रवेश द्यावा आणि काम संपल्यावर तो काढून घ्यावा. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती आजच मोजून बघा. एखादं तरी चालू सापडेल.

बॅकअप घेतो आम्ही. झालं ना?

परत आणून बघितलाय कधी? न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक बाहेर, हा जुना नियम अजून खरा आहे. त्यात एक भर घाला: एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली हवी. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क रॅन्समवेअर आनंदाने कुलूपबंद करतं.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या किड्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं झोपवलं. कंपनीच्या लॉगिनची व्यवस्था सांभाळणारे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, त्यामुळे सगळेच एकदम गेले. वाचला एक, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका मशीनवरून सगळं पुन्हा उभारलं. कंपनीने सांगितलेला तोटा २५ ते ३० कोटी डॉलरचा होता. बॅकअपची योजना वीज जाण्यावर सोडू नये.

वीज, पाणी, दवाखाने यांवर खरंच हल्ला होऊ शकतो?

झालेला आहे. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वीज कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला आणि उपकेंद्रं एकेक करून बंद करत गेला. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास गेली. तक्रार करायला फोन लावावा तर तिथे खोट्या कॉलचा भडिमार. कर्मचाऱ्यांनी गाड्या काढल्या आणि उपकेंद्रांवर जाऊन हाताने खटके चढवले. त्यांची यंत्रणा जुनी होती, हाताने चालवता येत होती, हे नशीब. आणि कित्येक महिने आधी शिरकाव कसा झाला होता? मेलला जोडलेल्या ऑफिसच्या साध्या फाइलमधून.

आयर्लंडची सरकारी आरोग्यसेवा मे २०२१ मध्ये ठप्प झाली, तेव्हाही सुरुवात मार्चमध्ये उघडलेल्या एका एक्सेल फाइलपासून झाली होती. त्यामुळे 'समाजावरचे हल्ले' आणि 'माझ्या मेलमधली लिंक' असे दोन वेगळे कप्पे मला मान्य नाहीत.

तुमच्या घरातला कॅमेराही यात ओढला जातो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला साठेक नेहमीच्या पासवर्डांची यादी पुरली. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर इतका मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अनेकांना उघडेनात. कॅमेऱ्याच्या मालकांना पत्ताही नव्हता. राउटर आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला, आणि ज्यांना अपडेट मिळणं बंद झालंय ती उपकरणं काढून टाका.

सगळं एकदम बंद पडलं म्हणजे हल्लाच ना?

दर वेळी नाही. १९ जुलै २०२४ ला विमानतळ, बँका, दवाखाने यांतले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट. गंमत अशी की लगेचच 'दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या खोट्या साइट उगवल्या. गोंधळ कोणाचाही असो, भामटे आपलं दुकान मांडतातच.

फसलोच. आता आधी काय करू?

पहिला फोन बँकेला, पोलिसांनाही त्याआधी नको. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्यातच ते गोठवता येतात. मग पोलिसांकडे किंवा तुमच्या देशातल्या सायबर तक्रार केंद्राकडे तक्रार. मेसेज, नंबर, व्यवहाराचे तपशील यांचे स्क्रीनशॉट घ्या. लाज वाटून काही पुसून टाकू नका.

दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे. ईमेलच्या सेटिंगमध्ये 'सगळीकडून लॉगआउट' करा आणि मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलाय का ते बघा. ही जागा लोक हमखास विसरतात, आणि चोर पासवर्ड बदलल्यावरही महिनोन्‌महिने तुमचे मेल वाचत बसतो. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद करू नका. तपासाला लागणाऱ्या खुणा मेमरीत असतात, त्या बंद केल्यावर जातात.

काही दिवसांनी आणखी एक फोन येईल: 'तुमचे बुडालेले पैसे आम्ही मिळवून देतो, आधी थोडी फी भरा.' फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, तो फोन त्याच यादीतून आलेला असतो.

वडील फसले, आणि त्यांनी आम्हाला आठवडाभर सांगितलंच नाही. असं का?

तुम्ही ओरडाल म्हणून. मी पाहिलेल्या प्रकरणांत पैशांइतकंच नुकसान या आठवड्याने केलेलं असतं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर निदान काही रक्कम गोठवता आली असती. चोराने त्यांना 'कोणाला सांगू नका' असं बजावलेलं असतं. त्यानंतर घरात कोणी 'एवढं कसं कळलं नाही तुम्हाला?' म्हणालं की चोराचंच काम पुढे चालू राहतं. त्यांना बसवा, पाणी द्या, आणि विचारा: पैसे कोणत्या खात्यातून गेले, किती वाजता? आणि त्यांच्या शेजारी बसूनच बँकेला फोन लावा.